चौथा प्लग

मांडणीतली वाटी सरकून ताटाला टेकली. टिंग. एवढाच आवाज, पण मी दारातच थिजले. खेमाने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. मी श्वास सोडला, फळीवरून प्लगपाना उचलला आणि पाय न वाजवता मागच्या दाराने अंगणात आले.

जानेवारीतला शनिवार, दुपारचे दोन. बडनेऱ्याला नव्या वस्तीत आमचं घर. मागे टिनाचं शेड, आणि शेडमध्ये बाबांची पांढरी गाडी. बाबा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ती एकदाही सुरू झाली नव्हती. खेमा तीन वर्षांची आहे. तिने ती चालताना कधी पाहिलीच नाही. तिच्या लेखी गाडी म्हणजे घराचीच एक बंद खोली.

मला ती गाडी चालती करायची होती. मी अकोल्याला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने काढते, तपासते, नऊ ते पाच. सकाळी सातच्या आत घर सोडते तेव्हा खेमा झोपलेली असते. संध्याकाळची रेल्वे वेळेवर आली तर साडेआठ, नाहीतर नऊ, साडेनऊ. तेव्हाही ती झोपलेली. सुगत, माझा नवरा, छत्तीसगडात पुलांच्या कामावर; महिन्यातून दोन दिवस येतो. सोमवार ते शुक्रवार माझी मुलगी मला फक्त मिटल्या डोळ्यांची दिसते. पण गाडी असली तर पाचला निघून मूर्तिजापूरवरून पावणेसातपर्यंत घरी येता येतं. खेमा सव्वाआठला झोपते. मधला तो दीड तास मला हवा होता. बाकी काही नको होतं.

बाबांचे दोस्त किसनकाका स्टेशनाजवळ गॅरेज चालवतात. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि मान हलवली.

"टाकी साफ करून देतो, बॅटरी बसवून देतो. पण स्पार्क प्लग मी नाही काढत, बेटा. पार गंजून बसले हायेत. इंजिनाचं हेड अल्युमिनियमचं. जोर लावला का प्लगासंगं आटे निघून येतात. मंग हेड गेलं न् गाडी भंगारात गेली. हे महिनाभर थोडं थोडं करायचं काम हाये. मले कुठी टाइम?" मग हसले. "तूच कर. तू रोज लोकाइचं रक्त काढतं, त्याइले समजू तरी देतं का?"

गंज कसा चढला ते मला माहीत होतं. दर चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, बाबा गाडी पुसायचे. बॉनेट उघडून, ओल्या फडक्याने, मग निळा झेंडा लावून आम्हाला फिरवून आणायचे. ते गेल्यावर माझ्या मायने तो नेम सोडला नाही. पण तिला फडक्याचं ठाऊक नव्हतं. ती बॉनेट उघडून बादलीने पाणी ओतायची. "तुह्या बाबाले धूळ चालत नव्हती." चारही प्लग इंजिनाच्या डोक्यावर चार खोल खळग्यांत बसलेले. पाणी तिथे साचलं, चार वर्षं साचलं. हे मी मायला कधी सांगितलं नाही.

बाबा रेल्वेत फिटर होते आणि हातावर घड्याळ बांधत नसत, तेल लागतं म्हणून. प्लग अडकला की खळग्यात तेलाचे थेंब सोडायचे आणि मनात त्रिशरण, पंचशील म्हणायचे. ते संपेपर्यंत हात लावायचा नाही. मग पाव फेरा डावीकडे. सुटत नसेल तर पुन्हा उजवीकडे. "मांगं-पुढं, मांगं-पुढं. लेकराले झोपवतो तसं." मी दहा वर्षांची असताना त्यांच्या शेजारी उकिडवी बसून हे शिकले.

त्याला मी माझी सवय जोडली. लॅबमध्ये खुणेशिवाय काही ठेवायचं नसतं. प्रत्येक प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मार्करने एक रेघ ओढली, समोर इंजिनाच्या झाकणावर दुसरी. दोन्ही एका ओळीत. केसभर जरी फिरला तरी टॉर्चच्या उजेडात कळेल.

त्या शनिवारी काही हललं नाही. रविवारी दुपारी पहिला प्लग कुरकुरला, अर्धा फेरा आला, परत गेला, आणि खेमा उठायच्या जरा आधी बाहेर आला. आटे लाल, टोक काळंभोर. भोकावर स्वच्छ फडकं घातलं. उरलेल्या तिघांवर तेल सोडलं, रेघा तपासल्या, पाना फळीवर ठेवला. पाच दिवस अकोला.

पुढच्या शनिवारी टॉर्च मारला तेव्हा दुसऱ्या प्लगची रेघ सरकलेली होती. थोडीथोडकी नाही, पाव फेरा, डावीकडे.

मला वाटलं, किसनकाका येऊन गेले. ओट्यावर माय तुरीच्या शेंगा सोलत होती.

"माय, काका आले होते का इकडे?"

"कोण किसन? त्याले बोलावल्याबिगर येते का तो?"

"मग गाडीला कोणी हात लावला?"

मायने सोल्यांची वाटी बाजूला ठेवली. "मंगळवारी तूच तर होती शेडात. टकटक करून राहिली होती."

"मंगळवारी मी अकोल्याला होते."

"मंग सोमवार असन." तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजव्यात उतरतोय. "मले वाटलं लवकर सुट्टी झाली. चहा ठेवला, तं तू आलीच नाही. मीच पेली दोन्ही कप."

मी हसले. तीही हसली. दुसरा प्लग त्या दुपारी अगदी सहज निघाला. त्याचं टोक पहिल्याइतकं काळं नव्हतं.

त्या संध्याकाळी खेमाची वेणी घालत होते. बोटभर केस, त्याला दोन रबर. ती आरशात माझ्याकडे बघत होती.

"आई, तू दुपारी बोलत काहून नाही?"

"बोलते ना. आत्ताच नाही का बोलले?"

"आत्ता नाही. गाडीत बसते तेव्हा."

"मी कुठे बसते गाडीत?"

"रोज. आजी झोपली का." तिने आरशातल्या मला समजावलं. "दुपारची तू."

माझे हात थांबले नाहीत. मनात आधी आलं ते हे, की एवढ्याशा जिवाने दिवस ढकलायला स्वतःपुरती एक आई तयार केली. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. निदान कोणीतरी आहे तिच्याजवळ. मी तिच्या मानेत नाक खुपसलं, ती खिदळली, आणि तो विषय तिथेच राहिला.

तिसऱ्या शनिवारी तिसरा प्लग पाव फेरा सुटलेला होता.

मी तो काढला. टोक फिकट तपकिरी. मग पहिल्यांदाच ड्रायव्हरचं दार उघडून आत बसले.

बाबा सहा फूट उंच. त्यांची सीट पार मागे सरकवलेली असायची. शिकताना मला पाठीमागे उशी लागायची. त्या दिवशी माझे पाय थेट क्लचवर टेकले. सीट पुढे ओढलेली होती, माझ्या मापाने. बाजूच्या सीटवर बोटभर धूळ, मागच्या सीटवर धूळ, डॅशबोर्डवर धूळ. ड्रायव्हरची सीट स्वच्छ. स्टिअरिंग दहा वाजता आणि दोन वाजता हात ठेवतो तिथे स्वच्छ. आणि बंद गाडीत एक वास होता. पेट्रोलचा नाही, उंदरांचा नाही. स्पिरिटचा. रोज संध्याकाळी माझ्या हातांना येतो तो.

रिअर व्ह्यू आरसा मी सरळ करायला गेले. तो सरळच होता. मला मागची काच नीट दिसत होती.

आता मला भीती वाटली, पण ती साधी भीती होती. कोणीतरी बाई आमच्या मागच्या गल्लीतून आत येते. मोतीबिंदूवाल्या म्हातारीला चकवते, तीन वर्षांच्या पोरीकडून स्वतःला आई म्हणवून घेते. अशा बाया असतात. गल्लीकडच्या फाटकाला मी कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

रविवारी किसनकाका चौथ्या प्लगसाठी आले. त्याची रेघ मात्र जिथल्या तिथे होती, दोन आठवडे. त्यांनी प्लगपाना बसवला, पान्याच्या भोकात आडवी सळई, म्हणजे टॉमी, घातली, थोडा भार दिला आणि लगेच हात काढून घेतला.

"काय झालं?"

"आवाज ऐकला का? आटे रडून राहिले." त्यांनी फडक्याला हात पुसले. "राहू दे बेटा. हा नाही निघत. तीन निघाले तेच नशीब. चौथ्यापायी हेड फोडशीन."

"चौथ्याशिवाय गाडी चालेल?"

"तीन पायाची म्हैस चालते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खेमाकडे. ती पालथ्या बादलीवर बसून बिस्किट खात होती. अर्धं खाऊन अर्धं मुठीत धरलेलं.

"ते कोणाले ठेवलं वो बाईसाहेब?" काकांनी विचारलं.

"आईले."

"आई तं समोर हाये."

"दुपारच्या," खेमा म्हणाली.

बुधवारी मी नऊ वाजता लॅबमध्ये सही केली आणि अकरा वाजता डोकं दुखतं म्हणून निघाले. घरी कोणाला कळवलं नाही. बडनेऱ्याला उतरून चालतच आले, मागच्या गल्लीने. एक चाळीस. फेब्रुवारीचं मऊ ऊन. कोणाच्या तरी घरी कुकर झाल्यावरची शांतता. फाटकाचं कुलूप तसंच होतं, मी लावलेलं, गंजाचा ठिपकाही तोच.

आतून आवाज येत होता.

टक.

मग बराच वेळ काही नाही.

टक.

पान्यातली टॉमी या बाजूची त्या बाजूला सरकते तेव्हा होतो तो आवाज. मधल्या शांततेत मी नकळत म्हणू लागले, ओठ न हलवता. पहिलं शरण, दुसरं, तिसरं, मग पाच शीलं. शेवटच्या शीलाच्या शेवटच्या शब्दाला बरोबर पुढचा टक आला.

मी कुलूप उघडलं.

खेमा बादलीवर बसली होती, पाय हलवत, तोंड ड्रायव्हरच्या दाराकडे. दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. घरातून मायच्या घोरण्याचा आवाज येत होता.

"आता सुटला वाटते," खेमा गाडीकडे बघत म्हणाली.

मग तिने मान वळवली आणि मी दिसले. तिने माझ्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. ती घाबरली नव्हती. कोडं पडल्यासारखा चेहरा होता.

"आज दोघी काहून?"

मी दोन पावलं पुढे गेले.

ड्रायव्हरच्या सीटचं रेक्झिन मध्ये खोल दबलेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते हळूहळू वर आलं. कोणी उठल्यावर गादी वर येते तसं. शेवटी एक बारीक फुस्स झालं आणि सुरकुती मिटली.

बॉनेट उघडं होतं. चौथ्या खळग्यात पाना उभा होता. तोच पाना, जो मी सकाळी निघताना फळीवर पाहिला होता.

रेघ अर्धा फेरा फिरलेली होती.

मी हात लावला आणि मागे घेतला. पाना तापलेला होता.

बाजूला बॅटरीच्या लोखंडी पट्टीला हात लावून पाहिला. गार. झाकणाला लावला. कोमट. शेडमध्ये ऊन येत नाही.

पदर हाताला गुंडाळून पाना फिरवला. दोन बोटांनी फिरला. चौथा प्लग बाहेर आला, आट्यांवर गंजाचा कणही नाही.

त्याचं टोक बिस्किटाच्या रंगाचं होतं.

मी खेमाला उचललं, आत नेलं, दाराला कडी घातली. लॅबमध्ये धुते तसे हात धुतले, कोपरापर्यंत, तीनदा. मग तिचेही धुतले. तिला गंमत वाटली.

संध्याकाळी चारही प्लग फडक्यात बांधून किसनकाकांकडे नेले. बाबा म्हणायचे, डॉक्टर जीभ पाहतो तसा मिस्त्री प्लग पाहतो. काकांनी पहिले तीन पाहून बाजूला ठेवले. चौथा उजेडात धरला, नखाने खरवडला, वास घेतला.

"हा कोणत्या गाडीचा आणला?"

"आपल्याच."

"मस्करी करतं काय म्हाताऱ्याची? हा सकाळी चाललेल्या इंजिनाचा प्लग हाये. असा रंग येते म्हणजे गाडी एकदम तब्येतीत, रोज चालते, पन्नास-शंभर किलोमीटर." त्यांनी प्लग माझ्या हातात परत दिला. "निघाला कसा?"

"मागे-पुढे करून."

"तुह्या बापाच्या, धर्मपालच्या हाताचा गुण हाये तुह्यात," काका म्हणाले, पण हसले नाहीत.

दोन दिवस मी विचार केला. गाडी विकून टाकावी हाही विचार केला. पण मग पुन्हा नऊ वाजता घर, पुन्हा मिटलेले डोळे. आणि शेवटी एका गोष्टीवर मन बसलं. गाडी चालती झाली तर ती दिवसभर अकोल्यात उभी राहील. शेड रिकामं राहील. त्या सीटवर जे काही बसतं त्याला दुपारी बसायला जागा उरणार नाही, आणि संध्याकाळी खेमाजवळ मी असेन. लॅबमध्ये सुद्धा आम्ही प्रत्येक जंतूचं नाव शोधत बसत नाही. त्याला वाढायला जागा ठेवत नाही, एवढंच.

काकांनी चार नवे प्लग बसवले, आट्यांना बोटाने हलका लेप लावून. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. माय पदराने डोळे पुसत शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. सीट पुन्हा तशी दबू नये म्हणून मी तिच्याखाली कापूस आणि जुन्या चादरी भरून ती दोन इंच उंच करून घेतली, वर नवं कव्हर घातलं. स्पिरिटचा वास दोन दिवस काचा उघड्या ठेवल्यावर गेला.

पहिल्या सोमवारी सव्वासातला निघाले. माय खेमाला उठवून बाहेर घेऊन आली होती. अर्धवट झोपेत तिने हात हलवला. बोरगाव मंजूच्या पुढे कापसाचे ट्रक लागले, तेवढंच. गाडी लॅबच्या मागे कडुनिंबाखाली उभी केली. दिवसातून दोनदा खिडकीतून पाहिलं. रिकामी होती. सीट सपाट होती.

पाच वाजून पाच मिनिटांनी निघाले. सहा चाळीसला आमच्या गल्लीत वळले.

"आजी! आई मी जागी हाये तेव्हाच आली!" खेमा फाटकातून ओरडत होती. तिने माझ्या गुडघ्यांना मिठी मारली ती सुटेचना. मग आम्ही जेवलो. सोल्यांची भाजी, भाकर, तिच्यासाठी दूध. ती बोलत होती आणि मी ऐकत होते. शेजारच्या करिश्माच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. आजीने तिला रागावलं. मुंगी पाण्यात पडली पण मेली नाही. मला वाटत होतं, हा दीड तास असाच लांबत राहावा. माय एकदा मध्येच म्हणाली, "आज दुपार लई सुनी गेली बाप्पा," आणि पुन्हा भाकर थापू लागली.

सव्वाआठ वाजत आले. गाडीला ताडपत्री घालायला निघाले तर खेमाही कडेवर बसून आली. शेडमध्ये बल्ब लावला. ती खाली उतरली, पुढची सीट पाहिली, मागचं दार उघडायला लावलं, मागची सीट पाहिली, वाकून खालीही पाहिलं.

"काय शोधतेस, पिल्लू?"

"ती आली नाही का?"

मी ताडपत्रीची घडी उलगडत राहिले. "कोण?"

"सकाळी तुह्यासंगं गेली ना. मांगं बसून. मी टाटा केला तिले." खेमाने रस्त्याकडे पाहिलं, फाटकाबाहेरच्या अंधाराकडे. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. "तू तिले तिकडेच ठेवून आली?"

इंजिन थंड होताना आतून बारीक वाजत होतं. मी दार बंद केलं. खेमाने माझं बोट धरलं, माझ्या पायांकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे.

"मग ती इतक्या दुरून पायी कशी येईन, आई? तिच्या पायात तर चप्पल नाही ना?"